धाकटीची बाजू

सुईकाकांना दारात बघून आनंद झाला, असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. सकाळी उजाडतं न उजाडतं तोच, लोक चहाच्या घोटासाठी तळमळत उपाशीपोटी बसलेले असताना, हे खांद्याला पेटी अडकवून यायचे, दंडाला पट्टा आवळायचे आणि रक्त काढून घेऊन जायचे. लॅबनं त्यांच्या ओळखपत्रावर चांगला भारदस्त हुद्दा छापला होता, पण तो वाचायला कोण जातंय? त्यांच्या फेरीतल्या सगळ्या घरांत ते सुईकाकाच होते. आणि गंमत अशी की यातल्या बऱ्याच घरांत त्यांची वाट बघितली जायची, कारण काका सुई टोचता टोचता गोष्ट सांगायचे.

गोष्ट एकच, वर्षानुवर्षं चाललेली. टीव्हीवरच्या एका पोलिसी मालिकेची. तिचे पहिले सगळे सीझन काकांना तोंडपाठ होते. पट्टा बांधता बांधता ते सुरुवात करायचे, "मग साहेब काय करतो, त्या बंद घराचं कुलूप तोडतो. आत अंधार. कपाटाचं दार जरासं किलकिलं..." समोरचा माणूस कपाटात शिरलेला असतानाच सुई आत जायची. "कोण होतं हो कपाटात?" असं तो विचारेपर्यंत बाटली भरून बाजूला ठेवलेली. काका कापसाचा बोळा दाबत म्हणायचे, "ते पुढच्या तपासणीला." एका आजोबांनी तर साखर आटोक्यात आल्यावरही तपासणी बंद केली नव्हती, खुनी कोण ते कळेपर्यंत.

या धंद्याचा एक नियम काकांना त्यांच्या उस्तादानं पहिल्याच दिवशी शिकवला होता. हातावर काय काय दिसेल ते बघायचं, विचारायचं नाही. आपण शीर शोधायला आलोय, बाकी काही शोधायला नाही. हातावर माणसाचं बरंच काही लिहिलेलं असतं. जुने टाके, खोडून टाकलेली नावं, भाजल्याच्या खुणा, कधी दंडावर बोटांचे निळे ठसे. काकांनी नियम इमानेइतबारे पाळला. ठसे दिसले की ते बाही थोडी खाली ओढून पट्टा जरा वर बांधायचे आणि गोष्ट जास्तच रंगवून सांगायचे. आपण चांगलं वागलो असंच त्यांना वाटायचं.

तर ती मालिका. त्यात एक साहेब होता, पन्नाशी उलटलेला, तिरसट, एका कानानं कमी ऐकणारा. आणि त्याच्या हाताखाली एक तरुण अधिकारी होती, तिला अख्खं ठाणं धाकटी म्हणायचं. साहेब चिडायचा, धाकटी त्याला वेळेवर गोळ्या द्यायची आणि दोघं मिळून खुनी पकडायचे. काकांचा साहेबावर जीव, आणि धाकटीवर त्याहून जास्त. कारण उघड होतं. काकांनाही एक लेक होती.

पहिले सीझन बापलेकीनं एकाच सोफ्यावर बसून बघितले होते. मध्ये काकी असायच्या, पण त्या नावाला. मालिकेच्या नावाची पाटी पडद्यावर यायच्या आत त्यांचा डोळा लागायचा. "खून झाला की उठवा," असं सांगून त्या मान टाकायच्या आणि उठवलं की "कोण, तो चष्मेवाला का?" असं विचारून परत झोपायच्या. बहुतेक वेळा चष्मेवालाच असायचा. याचा बापलेकीला फार राग यायचा.

मग लेकीनं लग्न ठरवलं, स्वतःचं स्वतः. मुलगा दिसायला बरा, नोकरीला बरा, बोलायला तर साखरेचा पाक. काकांना तो पाकच खटकला. का खटकला हे त्यांना धड सांगता येईना, आणि सांगता येत नाही म्हणून त्यांचा आवाज चढला. आवाज चढला म्हणून लेकही हट्टाला पेटली. शेवटी ती बॅग घेऊन दाराबाहेर उभी असताना काका बोलून गेले, "गेलीस तर गेलीस. पुन्हा या दाराशी यायचं नाही. आलीस तरी उघडणार नाही." शब्द तोंडातून गेला, आणि काका आपल्या शब्दाला फार जपणारे. लेक त्याच शहरात राहायला गेली. तिच्या समोरच्या इमारतीत काकांचं एक नेहमीचं घर होतं. दर महिन्याला ते तिथे जायचे, आणि तिच्या गॅलरीकडे मान वर न करता परत यायचे.

पुढे काकी गेल्या. लेक नवऱ्याबरोबर आली, कोपऱ्यात बसली, निघून गेली. बापाशी एक शब्द नाही. त्या रिकाम्या घरात काकांनी दिवस कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. आणि मग एका शनिवारी फोनवर लेकीचा निरोप आला: "नवा सीझन आलाय. बघितला का?"

काकांनी तो तेव्हा बघितलेला नव्हता. निरोप वाचल्यावर मात्र ते जेवायचं विसरून टीव्हीपुढे बसले, सगळा बघून काढला आणि संध्याकाळी तिला फोन लावला. तेव्हापासून मालिका चालू असली की दर शनिवारी संध्याकाळी फोन ठरलेला, आणि नसली की जुन्या भागांवर चर्चा. बोलायचं ते फक्त मालिकेचं. साहेबाचं चुकलं का, धाकटीला बढती मिळेल का, चष्मेवाला एवढा का घाबरला. घराचं नाही, लग्नाचं नाही, आईचं तर नाहीच. असं ठरवलं कुणीच नव्हतं, पण दोघं पाळायची. ती बापाला पूर्वी अरे-तुरे करायची, आता अहो-जाहो करायची, हे काकांच्या मनाला लागायचं. तेवढं ते गिळायचे. तिचा आवाज ऐकू येत होता ना, मग झालं.

म्हणून जेव्हा हा शेवटचा सीझन असं जाहीर झालं, तेव्हा काका फेरीतल्या प्रत्येक घरात ती बातमी खरी का म्हणून विचारत सुटले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला मालिकेचं वेड आहे. वेड होतंच. पण काकांना भीती वेगळीच होती. मालिका संपली की लेक फोन कशासाठी करणार?

शेवटच्या सीझनचा विषय असा होता: ठाण्यातलं कुणीतरी फुटलंय. साहेबानं सापळा लावला की टोळीला आधीच खबर लागते. फितूर कोण? काकांनी पहिल्याच भागात साहेबाच्याही वरच्या मोठ्या साहेबावर बोट ठेवलं आणि फेरीतल्या प्रत्येक घरात ते ठासून सांगितलं. लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली, "नाही बाबा. धाकटी आहे."

"वेडी का काय तू? धाकटी?"

"बघा तुम्ही नीट. एवढं उकडतंय, सगळे घामानं भिजलेत, आणि तिच्या बाह्या मनगटापर्यंत. पूर्वी अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालायची ती. फोन वाजला की पहिल्या घंटेला उचलते. आणि कुठेही बसली तरी दाराकडे तोंड करून बसते. नवऱ्यानं पकडलंय तिला बाबा. तोच तिच्याकडून काढून घेतो सगळं."

काकांनी ते हसण्यावारी नेलं. पण नंतरच्या भागात बघतात तर काय, धाकटीनं न्हाणीघरात बाही वर केली आणि दंडावर कोपरापर्यंत वळ. खबर तीच देत होती. नवरा टोळीशी संधान बांधून होता आणि न दिल्यास तिचे हाल करत होता. काका टीव्हीपुढून उठून उभेच राहिले.

धाकटीचा राग होताच, पण लेकीचं कौतुकही मनात मावेना. ती गोष्ट त्यांनी आठवडाभर पुरवून पुरवून सांगितली. "पोरीनं पहिल्याच भागात ओळखलं. काय नजर आहे! पोलिसात जायला हवी होती." मधुमेहवाले, रक्तदाबवाले, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेले, सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्या शनिवारी काका फोनची वाट बघतच बसले होते. फोन आला, तो नेहमीपेक्षा लवकर.

"आज आवाज काय स्वच्छ येतोय गं तुझा!" काका म्हणाले. एरवी तिच्या फोनवर आपलाच आवाज घुमून परत कानात यायचा.

"हो, आज घरी मी एकटीच आहे," ती म्हणाली. "बघितलंत ना? धाकटीच निघाली."

"निघाली ना! तोंडात मारल्यासारखं झालं मला. मुलीसारखं वागवलं साहेबानं तिला, आणि ही त्याच्या पाठीत सुरा खुपसते? तिला माफी नाही. मी सांगतो तुला, माफीच नाही."

"पण ती करणार काय, बाबा? तो मारत होता तिला."

"मग सांगायचं! तोंड नव्हतं का तिला? एवढी पोलीस ना ती?"

"कुणाला सांगायचं?"

"कुणाला म्हणजे? साहेबाला सांगायचं. घरी सांगायचं."

मग तिनं विचारलं, "घरी गेली असती तर तिच्या बापानं दार उघडलं असतं?"

मालिकेत धाकटीचा बाप होता, निवृत्त फौजदार. लेकीनं मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून पहिल्याच सीझनमध्ये त्यानं दार लावून घेतलं होतं. काकांना तो बाप भारी आवडायचा. आता वाद रंगला होता, काका ऐन भरात होते, आणि भरात आलेल्या माणसाला आपण काय बोलतो ते ऐकू येत नाही.

"का उघडावं?" काका म्हणाले. "त्यानं आधीच बजावलं नव्हतं का, हा माणूस बरा नाही म्हणून? तेव्हा ऐकलं नाही. आता निस्तर म्हणावं. शब्द म्हणजे शब्द. मी असतो त्याच्या जागी तरी हेच केलं असतं."

"हेच केलं असतं?"

"अगदी हेच."

"बरं," ती म्हणाली. "ठेवते बाबा. कपडे वाळत घालायचेत."

फोन बंद झाला. काकांना वाटलं, वाद जिंकलो. मोठ्या खुशीत त्यांनी स्वतःसाठी चहा टाकला.

पुढच्या शनिवारी फोन आला नाही. काकांनी लावला, तो उचलला नाही. त्यांनी निरोप धाडला, "रुसलीस का? मालिका आहे गं ती." उत्तर आलं, "डोकं दुखतंय." त्याच्या पुढच्या शनिवारी तिनं फोन घेतला, आवाज पुन्हा घुमणारा, आणि सांगितलं, "मी सोडलं बघायचं."

"अगं, शेवटचाच भाग राहिलाय!"

"कळलं ना कोण होतं ते. आता त्यात काय बघायचं?"

काकांना आधी राग आला. एवढी वर्षं जीव लावला आणि शेवटचा भाग सोडायचा म्हणजे काय? रागामागून भीती आली. म्हणजे झालं, फोन संपले. आपण धाकटीला जरा जास्तच बोललो म्हणून पोरगी दुखावली, आता तिची समजूत कशी काढायची, याच विचारात ते आठवडाभर फिरत राहिले. गोष्टही त्यांनी कुणाला नीट सांगितली नाही. लोकांना सुई टोचू लागली.

शेवटचा भाग शुक्रवारी आला. काकांनी तो बघितला नाही. शनिवारी सकाळी फेरीतलं शेवटचं घर होतं मुख्याध्यापिका बाईंचं. बाई कधीच्याच निवृत्त झालेल्या, पण काकांशी अजून वर्गातल्या मुलाशी बोलावं तसं बोलायच्या. त्यांनी हात टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "काय रे, आज तोंड का पाडलंयस? धाकटीचं पुढे काय झालं?"

"बघितला नाही अजून. आमच्या लेकीनं सोडली मालिका." काका पट्टा बांधता बांधता म्हणाले. "मी धाकटीला नावं ठेवली, ते तिला झोंबलं. आता मालिकेतल्या बाईवरून बापावर रुसायचं म्हणजे..."

"हीच ना, जिनं आधीच ओळखलं होतं?"

"हीच. बाह्यांवरून ओळखलं तिनं. सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलंस, कितीदा तरी." बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "मी पण बघते रे ती मालिका, तुला सांगितलं नाही कधी, तुझी मजा जाईल म्हणून. मला नाही दिसल्या बाह्या. शाळेत इतकी वर्षं काढली, कुणाच्या खिशात चिठ्ठी आहे ते लांबून कळायचं मला. तरी नाही दिसल्या. तू तर दिवसभर लोकांच्या बाह्याच वर करतोस. तुला दिसल्या?"

"नाही."

"मग तिला कशा दिसल्या, हे विचारलंस का तिला?"

काकांनी सुई टेकवली होती. ती शिरेत गेलीच नाही, बाजूला गेली. बाई "आई गं!" म्हणून कळवळल्या. काकांनी सुई काढली, कापूस दाबला, माफी मागितली. इतक्या वर्षांत हातानं त्यांना असा दगा कधी दिला नव्हता.

पहिल्या घंटेला उचललेला फोन. दाराकडे तोंड करून बसणं. घुमणारा आवाज, म्हणजे फोन स्पीकरवर टाकलेला, म्हणजे शेजारी कुणीतरी बसून ऐकतंय. फक्त मालिकेचं बोलायचं, बाकी कशाचं नाही. काका इतकी वर्षं समजत होते की जुन्या भांडणामुळे ती घरचं काही बोलत नाही. आणि एकाच शनिवारी आवाज स्वच्छ होता. आज घरी मी एकटीच आहे, असं तिनं तोंडानं सांगितलं होतं. त्याच दिवशी तिनं विचारलं होतं, बापानं दार उघडलं असतं का. आणि आपण काय उत्तर दिलं?

"दुसरा हात देऊ का?" बाईंनी विचारलं.

"नको बाई. सोमवारी येतो."

"सोमवारीच ये," बाई म्हणाल्या. "जा तू."

घेतलेल्या रक्ताच्या बाटल्या लॅबमध्ये पोचवणं भागच होतं. त्या त्यांनी खिडकीत दिल्या आणि मागच्या अंगणात, रिकाम्या खोक्यांच्या ढिगाजवळ उभं राहून फोन लावला. तो पहिल्या घंटेला उचलला गेला.

"हं, बाबा." आणि त्यामागून काकांचाच श्वास घुमत परत आला.

काय बोलायचं? तिला सरळ विचारावं तर पलीकडे तो ऐकतोय. विचारून फोन ठेवला की मागे तिचं काय होईल? काकांना सुचेना. आणि मग त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. गोष्ट सांगायला सुरुवात केली.

"शेवटचा भाग बघितला मी," ते म्हणाले. हे धडधडीत खोटं होतं. "तू सोडलास म्हणून सांगतो. धाकटीचा बाप सुधारला गं शेवटी."

"हो?"

"हो. एवढा मोठा फौजदार, पण रडला. म्हणाला, मी तेव्हा बोललो ते रागानं बोललो. माझी जीभ झडायला हवी होती. दार उघडंच आहे म्हणाला. रात्री, दिवसा, कधीही. आणि तिनं यायची वाटसुद्धा नाही बघितली त्यानं. स्वतः उठून तिला आणायला गेला."

अगदी हळू, "कधी गेला?"

"लगेच. त्याच दिवशी. पायात चपला सरकवल्या आणि..."

"काय हो, कुठली मालिका बघितलीत तुम्ही?" मध्येच जावयाचा आवाज आला. हसरा, मऊ, पाकातला. "आम्ही कालच बघितला शेवटचा भाग. मीच हिला म्हटलं, शेवट तरी बघ. त्यात बाप दार उघडतच नाही. ती बिचारी जिना उतरते आणि परत नवऱ्याकडेच जाते. तुम्हाला झोप लागली असेल बघता बघता."

काल तो शेवट याच माणसानं तिला शेजारी बसवून दाखवला होता.

"असेल," काका म्हणाले. "वय झालं. मग असं करतो, तुमच्याकडेच येतो. परत बघू, सगळे मिळून."

"आज?"

"आत्ता. निघालोच."

उत्तर यायच्या आत त्यांनी फोन बंद केला. मग धावले. या वयाचा माणूस खांद्याला पेटी अडकवून भर रस्त्यानं धावतोय म्हटल्यावर लोकांनी वाट दिली. कुणीतरी मरायला टेकलं असेल असं त्यांना वाटलं असणार. बस मिळाली, पण ती प्रत्येक थांब्यावर रेंगाळत होती आणि काका उभ्या उभ्या देवाला, काकींना आणि त्या फौजदाराला आलटून पालटून शिव्या देत आणि विनवण्या करत होते. स्वतःला मात्र नुसत्याच शिव्या.

ज्या गॅलरीकडे कधी मान वर केली नव्हती, तिच्याखालून ते आत शिरले. दार जावयानं उघडलं. कपडे परीटघडीचे, चेहऱ्यावर हसू. "या, या. अलभ्य लाभ. बसा. अगं, चहा टाक बाबांना."

लेक भिंतीशी उभी होती. बाह्या मनगटापर्यंत. चहाचं नाव ऐकताच सवयीनं वळली.

"चहा नको," काका म्हणाले. ते उंबऱ्यातच उभे होते. "मालिका पण नको. मी हिला न्यायला आलोय."

"न्यायला? म्हणजे काय?" जावई हसला. "तुम्हीच तर म्हणाला होतात ना, पुन्हा दाराशी यायचं नाही, आलीस तरी उघडणार नाही? हिनं सांगितलंय मला सगळं. मी नेहमी आठवण करून देतो हिला, की बाई गं, तुला माझ्याशिवाय आहे कोण?"

म्हणजे आपलं ते वाक्य या माणसानं इतकी वर्षं वापरलं होतं. कुलपासारखं. काकांना त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. पण तसं केलं तर गोंधळ होईल आणि लेक आत अडकेल, एवढं भान त्यांना राहिलं.

"म्हणालो होतो," ते म्हणाले. "म्हणून तर मीच आलो." आणि मग लेकीकडे बघून, "चल बाळा."

ती हलली नाही. नवऱ्याकडे बघितलं, मग बापाकडे. काकांना वाटलं, संपलं, ही येत नाही. मग ती एकदम चालू लागली, नवऱ्याच्या अगदी जवळून, श्वास रोखून. जावयानं हात पुढे केला. शेजारचं दार उघडून एक बाई कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आली आणि तो हात तिथेच थांबला.

"जाऊन ये," तो शेजारणीला ऐकू जाईल इतक्या गोड आवाजात म्हणाला. "संध्याकाळपर्यंत ये हं."

जिना उतरून, रस्ता ओलांडून दोघं थांब्यावर आली. तिच्या हातात काहीच नव्हतं. पाकीट नाही, फोन नाही, पायात घरातल्या सपाता. काकांनी पेटी बाकावर ठेवली आणि तिच्या शेजारी बसले. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती आधी दचकली, मग तशीच बसून राहिली.

"बॅग घ्यायची राहिली," काका काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. "असू दे. घेऊ नवं सगळं."

"बॅग भरली होती मी," ती म्हणाली.

"कधी?"

"त्या शनिवारी. तो बाहेरगावी गेला होता. सकाळपासून भरली, दाराशी आणून ठेवली. मग तुम्हाला फोन लावला. म्हटलं, आधी थोडं मालिकेचं बोलू, मग सांगू."

काकांनी बाकावरची पेटी उचलून उगाच मांडीवर घेतली.

"फोन झाल्यावर सगळं परत कपाटात लावलं," ती म्हणाली. "घडी न् घडी जागच्या जागी. तो यायच्या आत."

"आणि मग? तेव्हापासून आजपर्यंत?"

ती रस्त्याच्या टोकाकडे बघत राहिली.

"ते राहू दे, बाबा," ती म्हणाली. "बस आली."